नववी ब, सेहेचाळीस

“मॅडम, बिनतिकीट यष्टीत बसलो, पण कंडक्टर सख्खा चुलता असला, तर ते धरायचं का?”

वर्ग हसला. सबनीस मॅडमही हसल्या.

“चुलता असला तरी धरायचं. पण घाबरू नका. तुम्ही कोण ते मला कळणार नाही. वरती नाव लिहायचं नाही. फक्त वय आणि मुलगा की मुलगी.”

“आंबं पाडलेलं धरायचं?”

“कुणाचे?”

“ते झाडाला ठावं.”

पुन्हा हशा झाला. मी दाराशी उभा राहून चार-चार पानांचे ते संच वाटत होतो. मॅडम पुण्याच्या एका कॉलेजातून आल्या होत्या. आठवी ते दहावीच्या पोरांनी वर्षभरात काय काय चुकीचं केलं आणि त्यांच्यावर काय काय गुदरलं, ते त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं, असं त्यांचं काम होतं. अठ्ठेचाळीस प्रश्न होते. दुकानातून न सांगता काही उचललं का? मारामारी केली का? खिशात ब्लेड बाळगलं का? आणि पुढच्या पानांवर उलटं. तुमचं कुणी हिसकावलं का? तुम्हाला कुणी मारलं का? घरात मारलं का? मॅडम एकेक प्रश्न मोठ्यानं वाचून समजावून देत होत्या.

“प्रश्न सतरा. दुसऱ्याच्या वस्तूची मुद्दाम नासधूस केली का?”

“स्कूटर धरून का, मॅडम?” मागून कुणीतरी म्हणालं.

या वेळी कुणी हसलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी पर्यवेक्षक चौगुले सरांच्या स्कूटरची सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली होती आणि पेट्रोलच्या टाकीत वाळू घातली होती. सगळ्या वर्गांची दप्तरं तपासून झाली होती. पाच पोरांना उन्हात उभं करून झालं होतं. सापडलं कोणी नव्हतं.

मी सहज शालनकडं पाहिलं. मुलींच्या पहिल्या बाकावर बसली होती. मान खाली, पेन चाललेलं. मॅडम सतराव्या प्रश्नावर होत्या आणि ती तिसऱ्या पानावर पोचली होती. हुशारच पोरगी. मला वाटलं, भरभर उरकतेय.

शालन आवळे माझी मास्तरीण होती. दोन वर्षांपूर्वी गावात साक्षरतेची मोहीम आली. शिकलेल्या पोरांनी एकेका अडाण्याला धरायचं आणि शिकवायचं. मी तेव्हा पन्नास वर्षांचा. शाळेत एकोणीस वर्षं शिपाई, रोज घंटा देत होतो, फळे पुसत होतो आणि फळ्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. कुणाही पोराला मी नको होतो. शालन तेव्हा सातवीत होती. ती म्हणाली, “मामांना मी शिकवते.”

मधल्या सुट्टीत घंटेखालच्या दगडावर आमची शाळा भरायची. आकड्यांपासून सुरुवात झाली. तिनं हातातली काचेची बांगडी काढून पाटीवर ठेवली. “हिच्या भोवतीनं खडू फिरवा. झालं शून्य.”

“म्हंजे किती?”

“काही नाही. तिथं काही नाही, असं.”

“काही न्हाई तर लिवायचं कशाला?”

तिनं जरा विचार केला. “नाही लिहिलं तर तिथं काही होतं का नव्हतं, ते कळायचं नाही ना, मामा. आता ह्याला खाली शेपूट ओढा. बघा, एक झाला.”

तिचा बाप, आप्पा आवळे, दुसऱ्याच्या मागावर कामाला होता. आमचं गावच यंत्रमागाचं. दिवसभर खटखट, ती थांबली तर माणसं दचकतात. आई घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरायची. आप्पानं लेकीला साफ सांगितलं होतं, शाळेतनं एक तक्रार आली की दप्तर खुंटीला आणि तू कांड्यांवर. पोरीला डीएड करून मास्तरीण व्हायचं होतं. “मामा, माझा पहिला विद्यार्थी तुम्ही,” असं म्हणायची. “आता तुम्ही नापास झालात तर माझं कसं व्हायचं?”

मी नापास झालो नाही. त्या वर्षाच्या शेवटाला मी हजेरीचे नंबर वाचायला लागलो, मग नावं, मग वर्तमानपत्राचे मथळे. पगारपत्रकावर अंगठ्याच्या जागी सही केली त्या दिवशी हेडसरांनी स्टाफला चहा पाजला.

त्या दिवशी नववी ब मध्ये प्रश्न समजावून झाल्यावर मॅडमना शेजारच्या वर्गात जायचं होतं. टेबलावर फट पाडलेलं एक खोकं ठेवून त्या मला म्हणाल्या, “मामा, लिहून झालं की घडी घालून ज्यानं त्यानं यात टाकायचं. तेवढं बघा.”

“बघतो, मॅडम.”

पण आमच्या शाळेत पेपर कुणी उठून नेऊन देत नाही. घंटा झाली की पेपर बाकावर पालथा घालायचा आणि बाहेर जायचं, शिपाई गोळा करतो. पहिल्यापासूनची रीत. हेडसरांनी पोरांना परीक्षेसारखंच नंबराप्रमाणं बसवलं होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरांनी पेपर पालथे घातले आणि वर्ग रिकामा झाला. खोकं तसंच रिकामं.

मी दाराकडच्या रांगेपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. हे काम मी डोळे मिटून करीत असे. गोळा झाल्यावर मी गठ्ठा नीट केला आणि पाहतो तर कुठल्याच पेपरावर नंबर नाही. सहा वर्षांपूर्वी सहामाहीचा एक पेपर माझ्या हातून हरवला होता. मला आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं होतं. तेव्हा मला नंबर वाचता येत नव्हते, म्हणून कुणाचा हरवला तेही सांगता आलं नव्हतं. नंबर नसलेला पेपर म्हणजे हरवलेलाच पेपर, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं होतं.

मॅडमनी नाव लिहू नका म्हटलं होतं. नंबराचं त्या काही बोलल्या नव्हत्या. मी कानावरची पेन्सिल काढली आणि प्रत्येक पेपराच्या पाठीमागं, खालच्या कोपऱ्यात, बारीक आणि सुबक आकडा घातला. एक ते सेहेचाळीस. गठ्ठ्याला सुतळी बांधली, वर चिठ्ठी खोवली, ‘नववी ब – ४६’. खोक्याचं झाकण उघडून गठ्ठा आत ठेवला. मॅडमना आवडेल असं मला वाटलं.

मॅडमना दुसऱ्या दिवशी दहावीचे वर्ग घ्यायचे होते. संध्याकाळी त्या लॉजवर गेल्या. जाताना हेडसरांना म्हणाल्या, “खोकी तुमच्या कपाटात राहू देत. सकाळी नेते.”

शाळा सुटल्यावर मी ऑफिसची दारं लावत होतो. हेडसर टोपी घालून उठले होते, तेवढ्यात चौगुले सर आले. खुर्ची ओढून बसले.

“सर, ती खोकी बघू जरा.”

“नको, चौगुले. बाईंना शब्द दिलाय आपण.”

“शब्द नाव सांगणार नाही असा दिलाय. नावंच नाहीत तर बघायला काय हरकत? सतरा नंबरचा प्रश्न आहे. किती जणांनी ‘होय’ लिहिलंय तेवढं बघू. वर्ग तरी कळेल.”

हेडसर निवृत्तीला आले होते. नको म्हणायचा त्यांना कंटाळा होता. ते खिडकीकडं वळले. चौगुले सरांनी मला मान हलवून खूण केली. मी कपाट उघडलं.

नववी ब चा गठ्ठा पहिलाच होता. सर एकेक पेपर उलटत गेले, अन् मधेच थांबले. पेपर फिरवून पाठ पाहिली. दुसऱ्याची पाहिली. तिसऱ्याची.

“हे आकडे कुणी घातले?”

“मी, सर.”

“कशाप्रमाणं?”

“हजेरीप्रमाणं. बाकावरनं उचलले तसे.”

“चुकला नाहीस ना कुठं?”

आज त्या प्रश्नाची शंभर उत्तरं मला सुचतात. त्या संध्याकाळी एकच सुचलं. मी छाती पुढं काढून म्हणालो, “पेपर गोळा करण्यात मी चुकत नाही, सर.”

सर हसले. “हेडसर, तुमचा चहा फुकट गेला नाही. शिपाई साक्षर झाल्याचा शाळेला उपयोग झाला बघा.”

मग त्यांनी भरभर पानं उलटायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला. “एकतीस,” ते म्हणाले. “एकतीस कोण?”

हजेरीपट टेबलावरच होता. त्यांनीच काढून पाहिला.

“आवळे. मॉनिटर. बघा सर, सतराव्या प्रश्नाला ‘होय’. आणि खाली काय लिहिलंय, ‘स्कूटर’. काय धिटाई आहे.”

हेडसरांनी चष्मा लावून पेपर हातात घेतला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावर बराच वेळ थांबले. मागांची खटखट ऐकू येत होती. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

“चौगुले,” ते हळू म्हणाले, “पुढचं वाचलंत तुम्ही?”

“वाचलं. पोरी काय वाटेल ते लिहितात. आपण सापडणार म्हटल्यावर दुसऱ्यावर ढकलायचं.”

“सापडणार नाही असं सांगूनच लिहून घेतलंय.”

चौगुले सरांनी पेपर त्यांच्या हातातून काढून घेतला. “सर, पुढच्या महिन्यात तपासणी आहे. हे पुण्याला गेलं, छापून आलं, तर शाळेचं नाव कुठं राहतं? तुमच्या पेन्शनीच्या तोंडाला?” मग तो कागद माझ्यापुढं धरला. “भैरू, हा जाळ. आणि चिठ्ठी बदल. पंचेचाळीस लिही.”

मी हेडसरांकडं पाहिलं. ते खिडकीकडं पाहत होते.

शाळेच्या मागं पालापाचोळा जाळायचा खड्डा होता. दिवस मावळायचा होता. मी खड्ड्याच्या कडेला बसलो आणि जाळण्याआधी तिसरं पान काढलं. काय बघून हेडसरांनी चष्मा पुसला, एवढंच मला पाहायचं होतं. अक्षराखाली बोट ठेवून मी वाचत गेलो. माझं वाचन तेव्हा असंच होतं.

गेल्या बारा महिन्यांत कोणी तुमच्या इच्छेविरुद्ध तुमच्या अंगाला हात लावला का? ‘होय’ समोर खूण. कोणी? नातेवाईक, शेजारी, शिक्षक, अनोळखी. शिक्षक या शब्दासमोर खूण. किती वेळा? तीनपेक्षा जास्त. कोणाला सांगितले? कोणालाही नाही. का सांगितले नाही? खाली दोन ओळी मोकळ्या होत्या. तिथं शालनच्या अक्षरात लिहिलं होतं, ज्या अक्षरात तिनं माझ्या वहीत कित्ता घालून दिला होता.

‘नाव लिहायचं नाही म्हणून लिहीत नाही. वर्गाच्या वह्या पर्यवेक्षकांच्या खोलीत न्यायचं काम माझ्याकडे आहे. मॉनिटर बदला म्हटलं तर का ते विचारतात.’

दिवाळीनंतर ती दोनदा माझ्याकडं आली होती. छातीशी वह्यांचा ढीग. “मामा, एवढ्या वह्या तुम्ही नेऊन ठेवता का?” मी घंटेची दोरी बदलत होतो. म्हणालो होतो, “तुझं काम तू कर की गं. मास्तरीण व्हायचंय का राणी व्हायचंय?” ती हसली होती, असं मला वाटतं. नक्की आठवत नाही. मी वर बघत होतो.

मी बराच वेळ खड्ड्याजवळ बसलो. माझ्या घरात पाच माणसं होती. नोकरीची सहा-सात वर्षं उरली होती. हा हिशोब मी तेव्हा केला, हे लपवत नाही. मग काडी ओढली. कागद चांगल्या प्रतीचा होता, लवकर पेट घेईना. कोपऱ्यातला एकतीस सगळ्यात शेवटी जळाला.

सकाळी मॅडम आल्या. ऑफिसच्या टेबलावर गठ्ठा सोडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे नंबर कुणी घातले?”

“मी, मॅडम. नीट राहावेत म्हणून.”

त्या ओरडल्या नाहीत. पर्समधून खोडरबर काढलं आणि उभ्याउभ्याच एकेक आकडा खोडायला लागल्या. “मामा, मी मुलांना शब्द दिला होता हो,” एवढंच म्हणाल्या. खोडताखोडता मोजत होत्या. शेवटी थांबल्या.

“पंचेचाळीस. काल मी सेहेचाळीस संच दिले होते. आणि तीसनंतर एकदम बत्तीस आहे.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मामा, किती गोळा केले होते तुम्ही?”

चौगुले सर दारात उभे होते. हेडसर टपाल फोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. मॅडमच्या हातात खोडरबर होतं आणि त्या माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या. मला वाटतं, मी त्या वेळी खरं बोललो असतो तर त्यांनी ते तिथंच धरलं असतं. त्या सोडणाऱ्या बाई नव्हत्या.

“पंचेचाळीस, मॅडम,” मी म्हणालो. “एक पोरगी गैरहजर होती. नंबर घालताना तिचा गाळला. कोरा संच रद्दीत गेला.”

“चिठ्ठीवर तसंच आहे?”

“होय. मीच लिहिलंय.”

त्यांनी चिठ्ठी उचलून पाहिली. नवी चिठ्ठी, नवा आकडा. माझं अक्षर स्वच्छ होतं.

तिसऱ्या दिवशी आप्पा आवळेला बोलावणं गेलं. स्कूटरबद्दल शालनला विचारलं, ती ‘मी केलं’ म्हणाली. का केलंस म्हटल्यावर बोलली नाही. बाप समोर होता, चौगुले सर समोर होते. आप्पानं तिथंच तिच्या थोबाडीत दिली. शाळेनं पोलिसांत न देता उदारपणे दाखला देऊन मोकळं करायचं ठरवलं.

दाखला तयार व्हायला चार दिवस लागले. तो घरी पोचवून पोचवहीवर सही आणायचं काम माझं. वाटेत मी तो उघडून वाचला. ‘वर्तणूक’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘असमाधानकारक’. लांब शब्द होता. मी तीन वेळा वाचला. त्या शब्दानिशी दुसरी शाळा तिला घेणार नव्हती, हे शिपायालाही कळत होतं.

दार तिनंच उघडलं. आत आई कांड्या भरत होती, चाकाचा आवाज येत होता. शालनच्या बोटांना आधीच सूत लागलेलं होतं.

“या, मामा. पाणी देऊ?”

“नको. सही पाहिजे. आप्पा?”

“मागावर गेलेत. मी करते. चालती का माझी?”

“चालती.”

तिनं पोचवहीत सही केली. पेन परत दिलं नाही. हातात धरून म्हणाली, “मामा, आकडे तुम्ही घातलात?”

“होय.”

“मला पोरींनी सांगितलं, खिडकीतून बघितलं म्हणून. मला वाटलं, मामा कशाला घालतील.” तिनं मागं पाहिलं. आईचं चाक चालूच होतं. तिनं आवाज बारीक केला. “तिसरं पान वाचलं का हो कुणी?”

तिचे डोळे मोठे झाले होते. कुणीतरी वाचलं असेल, तर कुणीतरी विचारेल, अशी ती वाट पाहत होती. चार दिवस त्याचीच वाट पाहत होती. आत आई होती. मी दोन पावलं आत टाकून बोललो असतो तर त्या बाईला कळलं असतं.

“मला काय ठावं?” मी म्हणालो. “मला अजून एवढं भरभर कुठं वाचता येतं?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिनंच शिकवलं होतं मला. मला किती येतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली. पेन दिलं. “नापास नाही होणार तुम्ही.”

दार लावलं. पुन्हा आमची गाठ पडली नाही. दीड वर्षानं तिचं लग्न निपाणीकडं झालं, असं आप्पाच्या शेजाऱ्याकडून कळलं.

वह्या न्यायचं काम दुसऱ्या मुलीकडं आलं. मी त्या पोरीच्या हातून वह्या काढून घ्यायला लागलो. “दे इकडं, मी ठेवतो,” म्हणायचो. निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याच पोरीला त्या खोलीत वह्या घेऊन जाऊ दिलं नाही. चौगुले सरांनी कधी विचारलं नाही, मीही कधी बोललो नाही. त्यांना निरोप दिला त्या दिवशी मांडवातल्या खुर्च्या मीच लावल्या.

पाहणीनंतर वर्षभरानं पुण्याहून एक जाड पुस्तक आलं होतं. मॅडमनी प्रत्येक शाळेला एकेक प्रत पाठवली होती. हेडसरांच्या जागी नवे सर आले होते, त्यांनी ते न उघडता माझ्याकडं दिलं, “भैरूमामा, लायब्ररीत टाका.” लायब्ररीचं कपाट माझ्याकडं असायचं. मी दार लोटून घेतलं आणि तक्ते पाहत बसलो. शाळांना नावं नव्हती, अनुक्रमांक होते. आमची शाळा कुठली ते मी नववी ब च्या पंचेचाळीसवरून ओळखलं. बिनतिकीट प्रवास, एकोणीस. फळं चोरणं, तेवीस. नासधूस, चार. मी बोट खाली खाली नेत गेलो. तिसऱ्या पानाचे प्रश्न वेगळ्या तक्त्यात होते. शिक्षकाकडून नको तो स्पर्श, आमच्या शाळेच्या रांगेत, शून्य.

छान गोल शून्य होतं. बांगडीवरून काढल्यासारखं.

मी कानावरची पेन्सिल काढली. शून्याच्या खालच्या कडेला टोक टेकवलं आणि शेपूट ओढलं. जरा वाकडंच आलं. पण एक झाला. मग पुस्तक कपाटात, सगळ्यात खालच्या खणात ठेवलं.

पुढं पाच वर्षं त्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. ते पुस्तक कुणी मागितलं नाही.